‘तुम्ही किती दिवस आहात?’

पहिल्या भेटीला जाताना मी एक तक्ता तयार करून नेला होता. शिक्षण, कौशल्य, आरोग्य, कागदपत्रे असे चार रकाने, प्रत्येकापुढे तीन महिन्यांची उद्दिष्टे आणि शेवटी ‘शेरा’. चौतीस वर्षांच्या शासकीय नोकरीनंतर माणूस कोणत्याही प्रश्नाकडे असाच जातो. ऑक्टोबर २०२१ मधला गुरुवार होता. बंगळूरुच्या कब्बन पार्कातील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाच्या लाल इमारतीबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. सतरा वर्षांच्या त्या मुलाने माझा कागद हातात घेतला, उलटून पाहिला, परत दिला आणि विचारले, ‘‘तुम्ही किती दिवस आहात?’’

‘‘हा कार्यक्रम एक वर्षाचा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणजे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत,’’ तो म्हणाला आणि समोरच्या झाडावरची माकडे पाहू लागला.

मी हा प्रश्न पूर्वीही ऐकला होता. जिल्ह्यात नवा अधिकारी रुजू झाला की कंत्राटदार, पुढारी आणि कार्यालयातील जुने कारकून हाच प्रश्न आडून विचारतात. उत्तर त्यांना माझ्याआधी ठाऊक असे. मी एकाही पदावर अडीच वर्षांहून अधिक काळ राहिलो नाही. दर वेळी म्हैसूरी पेटा, शाल, फळांची परडी आणि पुढच्या गावाची गाडी. यात तक्रारीचे कारण नाही. अधिकारी बदलला तरी कारभार अडू नये, हेच आधुनिक प्रशासनाचे मोठे यश. माणूस जातो, फाइल राहते. जमिनीच्या नोंदी, धरणाची कामे आणि निवडणुकांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाला फाइल असून काय उपयोग? त्या मुलाने आपली हकिगत सतराव्या वर्षापर्यंत किती जणांना सांगितली, हे आम्ही एकदा बोटांवर मोजले. ठाण्यातला पोलीस, बाल न्याय मंडळाचे दंडाधिकारी, तिथले समाजसेवक सदस्य, परिवीक्षा अधिकारी, अधीक्षक, तीन समुपदेशक. दोन्ही हातांची बोटे संपली. त्यांतला एकही जण आज त्याच्या आयुष्यात नव्हता आणि एकानेही काही गैर केले नव्हते. प्रत्येकाने आपापला रकाना भरला होता.

बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते आणि ते योग्यच आहे. म्हणून त्याच्याविषयी जुजबीच सांगतो, काही तपशील बदलूनही. आईवडील उत्तर कर्नाटकातून बांधकामाच्या मजुरीसाठी बंगळूरुत आले. इमारत पूर्ण झाली की पत्र्याची झोपडी पुढच्या इमारतीपाशी जाते, त्यामुळे शाळा तीनदा बदलली आणि चौथ्यांदा सुटली. वडील गेले, आई गावी परतली, हा शहरात राहिला. वयाने मोठ्या मुलांबरोबर दुचाकी चोरताना सापडला. निरीक्षणगृहात काही महिने काढले आणि नंतर एका संस्थेच्या वसतिगृहात आला. तिथल्या स्वयंसेवी मार्गदर्शकांच्या यादीत माझे नाव होते. निवृत्तीनंतर सकाळचे फिरणे, दुपारचे वाचन आणि संध्याकाळची बातम्यांची चिडचिड एवढ्यावर माझा दिवस संपेना, म्हणून मी ते नोंदवले होते. यात फार उदात्त असे काही नव्हते.

संस्थेने दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, पोलिसांकडून माझी पडताळणी करून घेतली आणि नियम सांगितले. भेट सार्वजनिक ठिकाणी, पैसे द्यायचे नाहीत, घरी न्यायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही, आणि वचन दिलेच तर पाळायचे. शेवटचा नियम मला इतका उघड वाटला की मी तो लिहूनही घेतला नाही.

आपल्याकडे या मुलांचा विचार होतो तो बहुधा एखाद्या भयंकर घटनेनंतर. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर कायदा बदलला. जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमाने सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालवण्याची वाट मोकळी केली. मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव पोर्श मोटारीने दोघा तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि जामिनाच्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याचे वाचून देश संतापला. तो संताप मला समजतो. पण या दोन टोकांमध्ये, म्हणजे कठोर शिक्षेची मागणी आणि निबंध यांच्यामध्ये, जी हजारो मुले असतात, त्यांच्याविषयी आपण बोलतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात विधिसंघर्षग्रस्त बालकांविरुद्ध तीस हजारांहून थोडी अधिक प्रकरणे नोंदली गेली. १४० कोटींच्या देशात ही संख्या मोठी नाही. एवढ्या मुलांमागे एकेक जबाबदार प्रौढ माणूस उभा करणे या देशाला अशक्य आहे, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. परिवीक्षा अधिकारी हे पद सरकारच्या कल्पनेतून जन्मलेले नाही. १८४१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा एक कारागीर उठून उभा राहिला आणि एका दारुड्याचा जामीन झाला. ठरल्या तारखेला तो त्याला शुद्धीवर आणि नीटनेटका घेऊन न्यायाधीशांसमोर हजर झाला. १८५९ मध्ये मरण येईपर्यंत ऑगस्टस असे जामीन देत राहिला. पुढे त्यात लहान मुलेही आली आणि हिशेब दोन हजारांच्या जवळ गेला. मॅसॅच्युसेट्सने त्यासाठी पगारी पद निर्माण केले ते १८७८ मध्ये. म्हणजे आधी स्वयंसेवक आला आणि पद त्याच्या मागून. आपल्याकडे क्रम उलटा झाला. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांसाठी वेगळे कायदे केले आणि मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ मध्ये उभी राहिली. इमारती आल्या, अधीक्षक आले, नियम आले. जामीन राहणारा शेजारी मात्र आला नाही.

तो आपल्याकडे अगदी नव्हताच, असे नाही. जुन्या म्हैसूर संस्थानात गरीब विद्यार्थी ‘वारान्ना’वर शिकत. पुण्यात त्यालाच ‘वार लावून जेवणे’ म्हणत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. घरची बाई वाढता वाढता विचारी, परीक्षा कधी, ताप उतरला का, आईचे पत्र आले का. सात घरांतली सात माणसे त्या मुलाला ओळखत. माझ्या आजोबांचे शिक्षण असेच झाले. मात्र हे आठवून गहिवरून येण्यापूर्वी हेही सांगायला हवे की त्या पंगतीत जातीबाहेरच्या मुलाला पाट नव्हता. ती भिंत पाडायला शाहू महाराजांची कोल्हापुरातील वसतिगृहे आणि कर्मवीर भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे बोर्डिंग यावे लागले. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्राला मी सांगण्याची गरज नाही.

बंगळूरुत आज स्वयंसेवकांची वाण नाही. बॉस्को ही संस्था १९८० पासून रस्त्यावरच्या आणि रेल्वे स्थानकात उतरणाऱ्या मुलांसाठी काम करते. ‘ड्रीम अ ड्रीम’ १९९९ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि ‘मेंटॉर टुगेदर’ २००९ मध्ये. शिवाय कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि पैशाबरोबर कर्मचारीही येतात. एका शनिवारी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले चाळीस तरुण वसतिगृहात आलेले मी पाहिले. त्यांनी भिंती रंगवल्या, मुलांना स्वप्ने लिहायला सांगितली, केक कापला. मुले त्यात सराईत झालेली आहेत. कोणत्या पाहुण्याला ‘डॉक्टर व्हायचंय’ सांगायचे आणि कोणाला ‘संगणक अभियंता’, हे ती बसमधून उतरणाऱ्यांचे बूट पाहून ठरवतात, असे मला माझ्या मित्राने सांगितले. (‘मित्र’ हा शब्द मी पुढच्या दोन वर्षांत कमावला, तेव्हा तो माझा नव्हता.)

हा विनोद इथेच संपत नाही. केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही बोस्टनजवळची दोन शहरे. तिथे १९३९ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलांचे दोन सारखे गट करण्यात आले. एका गटातील प्रत्येक मुलाला सल्लागार मिळाला. तो महिन्यातून साधारण दोनदा घरी येई, अभ्यासात मदत करी, सुटीत शिबिराला पाठवी. सुमारे पाच वर्षे हे चालले. दुसऱ्या गटाला काहीच दिले नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या विदुषीने ती मुले, आता प्रौढ पुरुष, शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश जणांनी त्या कार्यक्रमाचा फायदा झाल्याचे सांगितले. नोंदी मात्र वेगळेच बोलत होत्या. गुन्ह्यांची पुनरावृत्ती, दारूचे व्यसन, लवकर येणारा मृत्यू, या साऱ्यांत मदत मिळालेला गट न मिळालेल्यापेक्षा वाईट ठरला. असे का झाले, यावर विद्वानांचे अजूनही एकमत नाही. २००२ मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’च्या जोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा एक दुवा मिळाला. ज्यांची सोबत वर्षभराहून अधिक टिकली, त्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. तीन महिन्यांच्या आत सुटली, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षाही घटला.

हे मी प्रशिक्षणातच वाचले होते. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये मी मुलीकडे टोरंटोला गेलो. नातवाचा जन्म व्हायचा होता, कारण चांगले होते. चार महिने आम्ही दर गुरुवारी भेटत होतो आणि एका कॉफीचे ‘बाय-टू’ करून पिण्याइतकी ओळख झाली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगितले, ‘‘दर आठवड्याला फोन करीन.’’ दोनदा केला. मग वेळेतला फरक, बाळाची झोप, माझी झोप. पाच महिने कसे गेले ते मला कळले नाही. त्याला ते कळले.

त्या पाच महिन्यांत १ जून आला. आपल्या देशात लक्षावधी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख लिहीत. माझ्या मोठ्या भावाची तीच आहे. या मुलाच्या दाखल्यावरही तीच. त्या दिवशी तो कायद्याने अठरा वर्षांचा झाला आणि वसतिगृहातून बाहेर पडला. अधिनियमाचे कलम ४६ संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला अर्थसाहाय्याची तरतूद करते. अनुरक्षणाची व्यवस्था एकवीस वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसापर्यंत आहे. २०१६ च्या नियमांत सहा ते आठ जणांनी एकत्र राहण्याची सोय, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, हे सारे लिहिलेले आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दरमहा चार हजार रुपये आहेत. (महाराष्ट्रात करोनामुळे विधवा झालेल्या स्त्रियांसाठी याच नावाची योजना होती, ती वेगळी.) कागदावर ही तरतूद पुरेशी नसली तरी बरी आहे. मात्र त्यासाठी अर्ज लागतो, अर्जाला पत्ता लागतो, आणि त्याच्या आधारपत्रावरचा पत्ता त्या वसतिगृहाचा होता, जिथे आता तो राहत नव्हता. असे अर्ज मी आयुष्यभर पाहिले आहेत. ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शिक्का मारून मी स्वतः किती परत पाठवले असतील, याचा हिशेब ठेवलेला नाही.

जुलैत परतलो तेव्हा त्याचा फोन लागत होता, पण उचलला जात नव्हता. मी एक निरोप ध्वनिमुद्रित करून पाठवला, की दर गुरुवारी चार वाजता त्याच बाकावर बसेन, यायचे तर ये. नऊ गुरुवार मी वर्तमानपत्र वाचून घरी गेलो. एका गुरुवारी पाऊस होता, तरी छत्री घेऊन बसलो, कारण न जाण्याला नेहमीच एखादे चांगले कारण असते हे मला आता कळले होते. दहाव्या गुरुवारी तो आला, पण बसला नाही. म्हणाला, ‘‘दर आठवड्याला म्हणाला होता.’’ मी कारणे सांगितली नाहीत. ‘‘हो. चुकलो,’’ म्हणालो. तो पुढच्या गुरुवारीही आला, आणि मग बसला.

तो तेव्हा कलासिपाळ्यात एका खोलीत आठ जणांबरोबर राहत होता आणि रात्री पार्सलची गाठोडी चढवत होता. परिसरात दुचाकी चोरीला गेली की ठाण्यातून बोलावणे येई. बाल न्याय मंडळासमोरच्या प्रकरणामुळे मुलाला पुढील आयुष्यात अपात्रता येऊ नये, असे कलम २४ सांगते. प्रौढ म्हणून खटला चाललेली मुले सोडली, तर ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करण्याचीही तरतूद आहे. हवालदाराच्या स्मरणशक्तीतील नोंद मात्र नष्ट होत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला भीती असते ती ‘रावडी शीट’ची. कर्नाटकातील पोलीस ठाण्यांत ठेवल्या जाणाऱ्या या यादीत एकदा नाव चढले की ते सहजी निघत नाही. एकदा मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. कोणते ठाणे, ते महत्त्वाचे नाही. काहीही बोललो नाही, फक्त बाकावर बसलो. उपनिरीक्षक मला ‘‘बन्नी सर’’ म्हणाले आणि त्याला ‘‘ए, लो’’. वीस मिनिटांनी त्यालाही नावाने हाक मारली. माझ्या पांढऱ्या केसांचा आणि इस्त्रीच्या शर्टाचा इतका थेट उपयोग सेवेत असताना क्वचितच झाला होता. त्यानंतर बोलावणी थांबली नाहीत, कमी झाली.

‘मेंटॉर’ हा शब्द ग्रीक महाकाव्यातला. ओडिसियस युद्धावर जाताना घर आणि मुलगा आपल्या मित्राच्या, मेंटॉरच्या हवाली करून गेला. गंमत अशी, की होमरच्या काव्यात खरा मेंटॉर फारसे काही करत नाही. मुलाला जे शहाणपण मिळते, ते मेंटॉरचे रूप घेऊन आलेल्या देवी अथीनीकडून. मला यात दिलासा वाटतो. म्हाताऱ्या मित्राकडून अपेक्षा एवढीच, की त्याने तिथे असावे. बाकीचे शहाणपण मुलाला भलत्याच ठिकाणी मिळते. माझ्या मित्राला ते जे. सी. रोडवरच्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराकडून मिळाले. त्याने त्याला जुन्या कार्ब्युरेटरची पेटी देऊन प्रत्येक भागाचे नाव विचारले, आणि सगळी नावे आली म्हणून कामावर ठेवले. दुचाकी उघडायचे त्याचे ज्ञान कुठून आले, हे दुकानदाराने विचारले नाही. माझ्या तक्त्यात असा रकाना नव्हता.

चार हजारांची मंजुरी आली, तेव्हा तो एकोणीस वर्षे चार महिन्यांचा होता. तेवढ्यासाठी मला जिल्हा बाल संरक्षण कक्षात सात फेऱ्या घालाव्या लागल्या. तिथली तरुण अधिकारी कंत्राटी होती, तिच्या टेबलावर दुसऱ्या रिकाम्या पदाचेही काम होते आणि तिसऱ्या फेरीनंतर तीही बदलली. संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये या यंत्रणेतील रिक्त पदे भरण्याचे स्पष्ट निर्देश दिले होते. पदे भरलीच पाहिजेत. पण भरलेल्या पदावरचा माणूसही दोन वर्षांनी जाणारच आहे, हे मी अनुभवाने सांगतो. म्हणून अनुरक्षणाच्या आराखड्यात एका न बदलणाऱ्या माणसाचे नाव असावे, असे मला वाटते. मुलगा सतरावे वर्ष ओलांडताना, अठराव्याच्या बराच आधी, ते नाव ठरावे आणि एकविसापर्यंत टिकावे. स्वयंसेवक किती नोंदवले, हा आकडा शासनाला आणि कंपन्यांना आवडतो. त्याऐवजी प्रत्येक जोडी किती महिने टिकली आणि का तुटली, याची साधी नोंदवही जिल्ह्याने ठेवावी. जो तीन वर्षे देऊ शकत नाही, त्याने भिंती रंगवाव्यात. तेही काम आहे, आणि त्यात कुणाची मोडतोड होत नाही. निवृत्त लोकांकडे वेळ असतो, बदली नसते आणि कार्यालयाची भाषा येते. आमच्यासारख्यांची या देशात कमतरता नाही. आमचा दोष एवढाच, की आम्ही तक्ते घेऊन येतो.

सगळेच असे जमते, असे मात्र नाही. त्याच वसतिगृहातून त्याच वर्षी बाहेर पडलेल्या दुसऱ्या एका मुलाचा मार्गदर्शक माझ्याहून नियमित होता. तो मुलगा आज तुरुंगात आहे. मार्गदर्शक महिन्यातून एकदा भेटायला जातो. मी त्याला यश-अपयशाविषयी काही विचारले नाही.

माझा मित्र आता एकवीस वर्षांचा आहे, म्हणजे शासनाच्या लेखी तोही संपला. गुरुवार अजून आहे, फक्त वेळ दुकान बंद झाल्यानंतरची. सुरुवातीचे ‘सर’ जाऊन मधे केव्हातरी ‘अज्जा’ आले, त्याच्या गावाकडे आजोबांना म्हणतात तसे. निवृत्तिवेतनासाठी आम्हा लोकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत रांग असे, आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होते, पण माझा फोन काही माझा चेहरा ओळखेना. गेल्या नोव्हेंबरात एका दर्शिनीत कॉफीचे दोन अर्धे पेले मधे ठेवून त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. दोनदा उजेड कमी पडला, तिसऱ्यांदा त्याने मला दारापाशी नेले.

‘‘हलू नका अज्जा,’’ तो म्हणाला. ‘‘आता डोळे मिचकवा.’’